वारसा कोणाचा मोजला गेला?

स्कॉटलंडच्या उत्तरेकडे, सदरलँड परगण्याच्या पूर्व किनाऱ्यावर गोल्स्पी नावाचे एक लहान गाव आहे. गावामागच्या बेन व्रॅगी या सुमारे १३०० फूट उंचीच्या डोंगराच्या माथ्यावर, चबुतऱ्यासह जवळजवळ १०० फूट उंच असा एक पुतळा उभा आहे. हा पुतळा सदरलँडचा पहिला ड्यूक जॉर्ज ग्रॅनव्हिल लूसन-गोर याचा असून त्याचे काम १८३७ मध्ये पूर्ण झाले. स्मारकावर कोरलेल्या लेखात ड्यूकला विवेकी, दयाळू आणि उदार जमीनदार म्हटले आहे आणि शोकाकुल व कृतज्ञ कुळांनी आसपासच्या रहिवाशांसह हे स्मारक उभारले, असे सांगितले आहे. याच जहागिरीत जन्मलेल्या डोनाल्ड मॅक्लाउड या गवंड्याने पुढे लिहून ठेवले की ज्याला एक शिलिंग जमवता आला त्याने तो दिला आणि ज्याला जमला नाही तो आता आपले काय होणार या धास्तीत राहिला. ज्या कुळाला मालक पुढच्या मुदतीला घराबाहेर काढू शकतो, त्या कुळाच्या कृतज्ञतेला पुरावा म्हणून किती किंमत द्यायची, हा प्रश्न या दगडी अक्षरांपाशीच सुरू होतो.

हा पुतळा पाडावा की राहू द्यावा, यावर तिथे अनेकदा वाद झाले आहेत. १९९४ मध्ये तो हटवण्याचा रीतसर प्रस्ताव आला होता आणि त्यानंतर चबुतऱ्याचे दगड उपटण्याचे प्रयत्नही झाले. या वादाबद्दल माझे मत मी पुढे मांडणारच आहे. मला त्याहून मोठा वाटणारा प्रश्न वेगळा आहे. एखाद्या सरदार घराण्याचा आणि त्याच्या जहागिरीचा इतिहास आपण सांगतो तेव्हा वारशाची साखळी फक्त मालकाच्या बाजूनेच का मोजतो? त्या जमिनीवर तितक्याच पिढ्या राबलेल्या माणसांच्या वारशाला काहीच वजन नव्हते काय? आणि असेल, तर तो आज कोणत्या रूपाने परत करता येईल?

सदरलँडची अर्ल ही पदवी स्कॉटलंडमधल्या सर्वांत जुन्या पदव्यांपैकी एक आहे. ती तेराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालत आली आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी ती एका वारस कन्येच्या विवाहामुळे गॉर्डन घराण्यात गेली. पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी झालेल्या १७४५ च्या जेकोबाइट बंडात तेव्हाचा अर्ल लंडनच्या सरकारच्या बाजूने राहिला, म्हणून बंडखोर सरदारांच्या जमिनी जप्त झाल्या तशी ही जहागीर जप्त झाली नाही. १७६६ मध्ये अर्ल आणि त्याची पत्नी दोघेही तरुणपणीच वारले आणि मागे एलिझाबेथ ही जेमतेम वर्षाची मुलगी उरली. मुलीला ही पदवी मिळू शकते का, यावर घराण्यातल्या इतर दोघा दावेदारांनी हरकत घेतली आणि प्रकरण लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. शेकडो वर्षांचे दस्तऐवज, वंशावळी आणि पूर्वीचे दाखले तपासून १७७१ मध्ये निकाल एलिझाबेथच्या बाजूने लागला. तेव्हा तिला सहावे वर्ष चालू होते.

हा निकाल योग्यच होता. मुलगी म्हणून तिचा हक्क डावलला गेला नाही, याचे मला समाधान वाटते. पण या निकालामागचे तत्त्व काय होते ते नीट पाहिले पाहिजे. ज्या मुलीने त्या जमिनीत एक दाणाही पेरला नव्हता, जी लहानाची मोठी जहागिरीपासून दूर एडिनबरोत झाली आणि जिला तिथल्या लोकांची गेलिक भाषा येत नव्हती, तिचा हक्क केवळ पूर्वजांच्या साखळीवरून सिद्ध झाला. पूर्वजांची साखळी हा हक्काचा आधार असू शकतो, असे देशातल्या सर्वोच्च सभेने मान्य केले. याच दालनात हीच कसोटी याच जहागिरीतल्या स्ट्रॅथनेव्हर किंवा किल्डोनन खोऱ्यांतल्या कुळांना लावली असती तर काय झाले असते, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. विचारायला लागणारा कागद कुळांपाशी नव्हता.

कागद नसला तरी कल्पना होती. गेलिक समाजात या हक्काला 'दूखस' म्हणत. एखादे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिले, आपल्या क्लॅनच्या, म्हणजे वंशगटाच्या, प्रमुखाच्या बाजूने लढले आणि धान्य व गुरांच्या रूपाने देणे देत राहिले, म्हणजे त्या जागी राहण्याचा त्याचा वंशपरंपरागत हक्क तयार होतो, असा त्या शब्दाचा अर्थ. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्यासाठी फार लांब जावे लागत नाही, कारण आपल्याकडे मिरास होती. मिरासदाराला, तो सारा भरत आहे तोवर, जमिनीवरून कोणी उठवू शकत नसे आणि त्याचा हक्क मुलाबाळांकडे जाई. या दोन कल्पनांमधला दुवा केवळ तुलनेचा नाही. पेशवाई बुडाल्यानंतर ज्याने दख्खनची व्यवस्था लावली तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन एका स्कॉटिश लॉर्डचा मुलगा होता. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीचा त्याचा प्रसिद्ध अहवाल १८१९ चा आहे. त्यात त्याने इथल्या गावगाड्याचे बारकाईने वर्णन केले आणि मिरासदारांच्या जुन्या हक्काची दखल घेऊन तो जपण्याकडे कल दाखवला. ज्या वर्षी एक स्कॉटिश सरदारपुत्र पुण्याच्या परिसरातल्या शेतकऱ्याचा वारसाहक्क कागदावर उतरवत होता, त्याच वर्षी त्याच्या मायदेशाच्या उत्तर टोकाला तसाच हक्क सांगणाऱ्यांची घरे जाळली जात होती. इंग्रजी अमलात पुढे मिरासदाराचे काय झाले ही कहाणी निराळी आणि बरीचशी दुःखद आहे. पण 'त्या काळी असा हक्क कोणाच्या कल्पनेतच नव्हता' हा बचाव एल्फिन्स्टनच्या त्या एका अहवालाने निकालात निघतो.

सदरलँडमध्ये घडले ते असे. १७८५ मध्ये एलिझाबेथचा विवाह लूसन-गोर घराण्याच्या वारसाशी, म्हणजे ज्याचा पुतळा गोल्स्पीला उभा आहे त्या पुढच्या ड्यूकशी, झाला. हे घराणे इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत घराण्यांपैकी होते. १८०३ मध्ये नवऱ्याला वडिलांकडून स्टॅफर्डचे मार्क्वेसपद आणि मामाकडून, म्हणजे ब्रिजवॉटरच्या ड्यूककडून, कालव्याचे अफाट उत्पन्न मिळाले. मँचेस्टरच्या गिरण्यांना कोळसा पुरवणाऱ्या या कालव्याचा पैसा आता उत्तर स्कॉटलंडच्या डोंगरदऱ्यांत ओतला जाणार होता. त्याच सुमारास लोकरीचा भाव वाढत होता आणि शेविऑट जातीची मोठी मेंढी उत्तरेकडच्या थंडीतही तग धरते हे लक्षात आले होते. या मेंढीला थंडीच्या दिवसांत खोऱ्यांतली सखल, हिरवी जमीन लागते आणि नेमक्या त्याच जमिनीवर गावे वसलेली होती. शेजारच्या रॉस परगण्यात लोकांनी मेंढ्यांचे कळप हाकलून देण्याचा प्रयत्न केला ते १७९२ हे साल गेलिक आठवणीत 'मेंढ्यांचे वर्ष' म्हणून राहिले आहे. सदरलँडमध्ये ही लाट उशिरा पोहोचली, पण पोहोचली ती पूर्ण तयारीनिशी.

योजना अशी होती की आतल्या खोऱ्यांतली कुळे उठवून किनाऱ्यावर न्यायची, तिथे प्रत्येक कुटुंबाला जमिनीचा एक लहान तुकडा द्यायचा, मासेमारी, कोळसा, विटा यांसारख्या धंद्यांकडे वळवायचे आणि रिकामी झालेली खोरी मोजक्या बड्या मेंढपाळ खंडकऱ्यांना द्यायची. लंडनहून या सगळ्यावर देखरेख करणारा आयुक्त जेम्स लॉख हा अर्थशास्त्राचा अभ्यासू माणूस होता आणि या कामाचे समर्थन करणारे पुस्तकही त्याने १८२० मध्ये प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष जागेवर जहागिरीच्या कारभाऱ्यांपैकी पॅट्रिक सेलर हा सर्वांत कुप्रसिद्ध ठरला. तो वकील होता. गेलिक लोकांबद्दल तो 'ब्रिटनचे आदिवासी' अशा शब्दांत लिहीत असे आणि त्यांची भाषा त्याला रानटी बडबड वाटे. ब्रिटिश अमदानीतली जुनी सरकारी टिपणे चाळलेल्या आपल्या वाचकाला हा सूर ओळखीचा वाटेल. वसाहतीत वापरली गेलेली ही भाषा आधी घरच्याच शेतकऱ्यावर वापरून पाहिलेली होती.

१८१३ च्या आरंभी किल्डोनन खोऱ्यातल्या लोकांनी जमीन पाहायला आलेल्या मेंढीवाल्यांना हुसकावून लावले. आमची मुले सैन्यात आहेत, त्यांच्या बदल्यात या जमिनीवर आमचा हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते निराधार नव्हते. १७९९ मध्ये याच जहागिरीतून ९३ वी सदरलँड हायलँडर्स ही पलटण उभी राहिली तेव्हा मुलगे सैन्यात दिले म्हणजे जमीन सुरक्षित राहील, असाच समज घराघरांत होता. (हीच पलटण १८५७ मध्ये लखनौच्या सिकंदर बागेवर चालून गेली. ज्यांच्या आजोबांची घरे जाळली गेली त्यांच्या नातवंडांनी दुसऱ्यांची शहरे जिंकून द्यावीत, हा साम्राज्याच्या इतिहासातला विदारक भाग आहे.) किल्डोननच्या लोकांविरुद्ध लष्कर आणले गेले. त्यांच्यापैकी शंभरएक जण त्याच वर्षी लॉर्ड सेलकर्कच्या वसाहतीसाठी कॅनडाच्या रेड नदीकडे निघाले आणि आजच्या विनिपेग शहरात किल्डोनन हे नाव त्यांच्यामुळे टिकून आहे.

१८१४ च्या उन्हाळ्यात स्ट्रॅथनेव्हरची पाळी आली. इथे एका लहानशा वस्तूकडे लक्ष द्यायला हवे आणि ती वस्तू म्हणजे घराच्या छपराचे वासे. त्या भागात झाडे फार कमी. भिंती दगडमातीच्या आणि गवताच्या ढेकळांच्या असत. त्या कुठेही नव्याने उभारता येत, पण छपराला लागणारे लाकूड सहज मिळत नसे. वासे म्हणजे कुटुंबाची खरी पुंजी. माणूस जागा बदलताना वासे काढून खांद्यावर किंवा घोड्यावर लादून नेई आणि नव्या भिंतींवर चढवी. लोक परत येऊन पुन्हा छप्पर घालतील म्हणून सेलरच्या माणसांनी वासेच पेटवले. वाशांची भरपाई ठरावीक दराने दिली, असा बचाव पुढे मांडला गेला. पण जिथे लाकूडच मिळत नाही तिथे हातात पडलेल्या नाण्यांचे छप्पर होत नाही. आपल्याकडे धरणाखाली गेलेल्या गावांतली माणसे घराचे दार, तुळया आणि उंबरा सोबत घेऊन निघाल्याची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांना ही गोष्ट अधिक सांगावी लागणार नाही.

याच मोहिमेत बॅडिनलॉस्किन या ठिकाणी विल्यम चिझम याच्या घराला आग लावली गेली. घरात त्याची अंथरुणाला खिळलेली वृद्ध सासू मार्गारेट मकाय होती. तिचे वय शंभराच्या जवळ असल्याचे सांगितले जाई. तिला बाहेर काढून एका खोपटात ठेवण्यात आले आणि काही दिवसांतच ती मरण पावली. सदोष मनुष्यवधासह इतर आरोपांवरून सेलरला अटक झाली आणि एप्रिल १८१६ मध्ये इनव्हरनेसला त्याच्यावर खटला चालला. ज्युरीत बहुतेक जमीनदार आणि त्यांच्या वर्तुळातली माणसे होती. सेलर निर्दोष सुटला. ज्याने त्याला अटक केली होती त्या रॉबर्ट मकिड या न्यायाधिकाऱ्यालाच नोकरी सोडावी लागली आणि पुढे माफीचे पत्र लिहून द्यावे लागले. ज्या जमिनीवरून सेलरने लोकांना उठवले, त्यातल्या मोठ्या भागाचा नवा मेंढीवाला खंडकरी तो स्वतःच होता. न्यायालयाने त्याला गुन्हेगार मानले नाही, हे मान्य करूनही एवढे म्हणायला हवे की उठवणारा आणि लाभ घेणारा एकच असलेल्या व्यवहाराला सुधारणा म्हणणे शब्दाचा दुरुपयोग आहे.

सेलरची कारभारीपदावरून गच्छंती झाली, पण धोरण बदलले नाही. सर्वांत मोठी मोहीम त्याच्यानंतर, १८१९ मध्ये झाली. डोनाल्ड सेज हा तरुण धर्मोपदेशक तेव्हा स्ट्रॅथनेव्हरमध्ये होता. उठण्याआधीच्या शेवटच्या रविवारी उघड्या माळावर प्रवचन देताना आपला स्वर फुटेना, समोर बसलेली सगळी मंडळी रडत होती, असे त्याने आपल्या आठवणींत लिहिले आहे. मॅक्लाउडने एका टेकडीवरून रात्री अकराच्या सुमाराला अडीचशे जळती घरे मोजल्याचे सांगितले आहे. त्याच्या आकड्यावर इतिहासकार वाद घालतात आणि घालायलाच हवा. एकूण किती माणसे उठवली गेली याचेही अंदाज वेगवेगळे आहेत, पण ती हजारोंनी होती, यावर मतभेद नाही.

आता दुसरी बाजू. ती मी टाळू इच्छित नाही, कारण ती फुटकळ नाही. घराण्याच्या वतीने सांगितले जाते की त्या वर्षांत जहागिरीत उत्पन्नापेक्षा अधिक पैसा खर्च झाला. रस्ते आणि पूल बांधले गेले, हेल्म्सडेलला बंदर झाले, ब्रोराला कोळशाची नवी खाण सुरू झाली, १८१९ मध्ये क्लाइनलिशची मद्यभट्टी उभी राहिली. हे सर्व खरे आहे. आतल्या खोऱ्यांत दर काही वर्षांनी धान्याचा तुटवडा पडे आणि जहागिरीला बाहेरून पीठ आणून वाटावे लागे, हेही खरे आहे. परगण्याची लोकसंख्या १८११ आणि १८२१ या दोन्ही जनगणनांत २३ ते २४ हजारांच्या दरम्यान राहिली, म्हणजे परगणा ओस पडला नाही, हा मुद्दाही बिनचूक आहे.

पण या प्रत्येक सत्याच्या पोटात आणखी एक सत्य आहे. लोकसंख्या घटली नाही याचा अर्थ तीच माणसे खोऱ्यांतून निघून किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत कोंबली गेली. दोन-तीन एकरांचे खडकाळ तुकडे मुद्दाम इतके लहान आखले होते की त्यावर कुटुंबाचे पोट भरू नये आणि माणसाला मासेमारीला जावेच लागावे. गुरे पाळणाऱ्या माणसाला बंदर नसलेल्या किनाऱ्यावर आणून होडी धर म्हणणे, ही सुधारणा कागदावर जितकी सुटसुटीत दिसते तितकी खवळलेल्या उत्तर समुद्रात दिसत नाही. जमीन इतकी थोडी असली की माणूस बटाट्याकडे वळतो आणि १८४६ मध्ये बटाट्यावर रोग पडला तेव्हा हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या या डोंगराळ उत्तर भागात, सर्वाधिक हाल झाले ते अशाच दाटीने वसवलेल्या वस्त्यांचे. ज्या उपासमारीतून सोडवण्यासाठी लोकांना हलवले म्हणतात, तिच्याच तोंडी त्यांना दिले गेले.

ज्या मेंढीसाठी हे सगळे झाले ती तरी टिकली काय? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची लोकर आली, भाव पडले आणि मेंढ्यांची मोठमोठी कुरणे हळूहळू हरणांच्या शिकारीसाठी राखीव झाली. तिसऱ्या ड्यूकने लेर्गजवळ शिनेस इथे वाफेचे नांगर चालवून पडीक जमीन लागवडीखाली आणण्याचा प्रचंड खर्चाचा प्रयोग केला, त्यातूनही फारसे हाती लागले नाही. शतकानुशतके वहिवाटीत असलेली शेते मोडायची आणि पन्नास-साठ वर्षांनी यंत्राने नवी शेते करू पाहायची, हा त्या सुधारणेचा हिशेब आहे. तो पाहिल्यावर, लोकांना आपल्या जमिनीचे कळत नव्हते आणि मालकाला कळत होते, हे गृहीतक मला मुळातूनच चुकीचे वाटते.

राहिला तो शेवटचा आणि नेहमीचा युक्तिवाद की त्या काळच्या माणसांना आजच्या मापाने मोजू नये. मला तो तत्त्वतः मान्य आहे. म्हणूनच त्यांना त्यांच्याच काळातल्या मापाने मोजावे. सेज त्याच काळातला, मकिड त्याच काळातला, मॅक्लाउड तर जळणारे गाव डोळ्यांनी पाहिलेला. हायलँड पलटणींचा इतिहास लिहिणारा लष्करी अधिकारी डेव्हिड स्ट्युअर्ट याने १८२२ मध्येच या धोरणावर कडक टीका छापली. १८५३ मध्ये, तेव्हाची डचेस अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध पुढाकार घेत असताना, कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात तिच्या घराण्याच्या या संपत्तीचा उगम काढला आणि पुढे आपल्या मुख्य ग्रंथातही सदरलँडचे उदाहरण घेतले. विरोध तेव्हाही होता. ऐकण्याची सक्ती कोणावर नव्हती, इतकेच.

ती सक्ती यायला १८८३ उजाडावे लागले. स्काय बेटावर कुळांनी नोटिसा जाळल्या, पोलिसांशी चकमकी झाल्या आणि सरकारने लॉर्ड नेपियरच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. हा नेपियर पूर्वी मद्रासचा गव्हर्नर होता आणि १८७२ मध्ये काही महिने भारताचा हंगामी व्हाइसरॉयही. आयोग गावोगाव फिरला आणि दुभाष्यांच्या मदतीने गेलिकमधून साक्षी घेतल्या. स्कायमधल्या ब्रेझ इथल्या पहिल्याच साक्षीदाराने, अँगस स्ट्युअर्टने, बोलण्याआधी एकच मागणी केली होती की खरे सांगितल्याबद्दल मला घरातून काढले जाणार नाही, असे आश्वासन द्या. साक्ष देण्यापूर्वी माणसाला छपराची हमी मागावी लागते, यातच त्या व्यवस्थेचे सारे स्वरूप आले. १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टर म्हणवणाऱ्या या छोट्या कुळांना कायम वहिवाट मिळाली, वाजवी खंड ठरवून घेण्याचा हक्क मिळाला आणि वहिवाट वारसाकडे सोपवता येऊ लागली. जो हक्क 'दूखस' या शब्दात होता त्याचा एक भाग शंभर वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आला. उणीव मोठी राहिली. असलेला तुकडा सुरक्षित झाला, गेलेली खोरी परत मिळाली नाहीत.

घराण्याचा वारसा मात्र या सगळ्या काळात किती बारकाईने जपला गेला, ते १९६३ मध्ये दिसले. पाचवा ड्यूक निपुत्रिक वारला. ड्यूकपद फक्त पुरुष वंशात जात असल्याने ते इंग्लंडमधल्या एका दूरच्या शाखेकडे गेले आणि मुलीलाही मिळू शकणारे जुने स्कॉटिश अर्लपद त्याच्या पुतणीकडे आले. १७७१ चा तो निकाल जवळजवळ दोनशे वर्षांनी पुन्हा कामी आला. डनरॉबिन हा घराण्याचा १८९ खोल्यांचा किल्लेवजा वाडा आजही उभा आहे. लंडनचे संसदभवन उभारणाऱ्या चार्ल्स बॅरीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्याला फ्रेंच धाटणीचे निमुळते मनोरे दिले. १९१५ च्या आगीनंतर तो दुरुस्त झाला, १९६५ पासून काही वर्षे तिथे मुलांची निवासी शाळा होती आणि नंतर तो पर्यटकांसाठी खुला झाला. मला त्या वास्तूविषयी द्वेष नाही. ती सुंदर आहे, ती जपली पाहिजे. पण वाडा पाहायला जाणाऱ्याने स्ट्रॅथनेव्हरमधल्या रोसलपर्यंतही जावे. तिथे सरकारी वनखात्याच्या लागवडीत एक मोकळा भाग राखला आहे. गुडघ्याएवढ्या उंचीचे दगडांचे आयत, धान्य वाळवण्याच्या भट्टीचा गोल खड्डा आणि सभोवतालच्या तपकिरी माळात अजूनही वेगळे उठून दिसणारे हिरवे गवत तिथे आहे. पिढ्यान्‌पिढ्या शेण घालून कसलेली माती दोनशे वर्षांनंतरही हिरवी राहते. कुळांपाशी वहिवाटीचा कागद नव्हता असे म्हणतात, त्यांनी ते गवत पाहावे.

स्कॉटलंडमधल्या खासगी ग्रामीण जमिनीपैकी निम्मी जमीन अवघ्या ४३२ मालकांकडे होती, असे जमीन सुधारणेवरच्या २०१४ च्या सरकारी समितीच्या अहवालाच्या वेळी पुढे आले. युरोपात इतके केंद्रीकरण क्वचितच आढळते. सरंजामी धारणापद्धती कायद्याने पूर्णपणे संपली तीसुद्धा नोव्हेंबर २००४ मध्ये. मोठ्या मालकाकडे भांडवल असते, गावकऱ्यांकडे नसते, म्हणून जमीन मालकाकडे राहिलेली बरी, असे आजही सांगितले जाते. १८१९ मध्ये हेच सांगितले जात होते. त्याला उत्तर असिंटच्या लोकांनी दिले. एकेकाळी याच जहागिरीत असलेल्या असिंटमधली उत्तर लॉखिनव्हरची सुमारे २१ हजार एकर जमीन अनेक हात बदलून एका दिवाळखोर कंपनीकडे आली होती. तिचे तुकडे पाडून विकण्याचा घाट घातला गेला तेव्हा तिथल्या क्रॉफ्टरांनी संस्था काढली, देशोदेशीच्या लोकांकडून वर्गणी जमवली आणि १९९३ च्या आरंभी तीन लाख पौंडांना ती विकत घेतली. त्यानंतर आयग, गिया, दक्षिण उइस्ट ही बेटे लोकांच्या मालकीची झाली. २००३ च्या कायद्याने ग्रामसमुदायांना जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. त्या कायद्यात सर्वसाधारण समुदायाला तो मालक विकायला निघेल तेव्हाच मिळत होता (पुढच्या कायद्यांनी काही ठरावीक परिस्थितींत ही अट सैल केली), क्रॉफ्टर समुदायाला मात्र मालकाची इच्छा नसतानाही मिळू शकतो.

माझ्या मते हा दुसरा प्रकारच मूळ नियम असायला हवा. जिथे एका मालकाकडे हजारो एकर आहेत आणि जमिनीवर राहणाऱ्यांना घर, शेती किंवा उद्योग यांसाठी जागा मिळत नाही, तिथे मालक विकायला तयार होण्याची वाट पाहायला लावणे म्हणजे १७७१ चा वारसा पक्का धरणे आणि 'दूखस'चा वारसा पुन्हा एकदा दारात ताटकळत ठेवणे आहे. मोबदला द्यावा, वाजवी द्यावा, वाद न्यायाधिकरणापुढे न्यावा, पण हक्क हा हक्क असावा. पुतळ्याबद्दल म्हणाल तर तो पाडू नये. खालचा लेखही पुसू नये. त्याच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत, गेलिकमध्ये आणि इंग्रजीत, ज्या गावांची घरे मोडली त्यांची नावे कोरावीत. आणि डनरॉबिनमध्ये चित्रे, चांदीची भांडी व शिकारीची मुंडकी दाखवताना, घराण्याच्याच दप्तरांत असलेल्या बेदखलीच्या नोंदी त्याच दालनांत मांडाव्यात. घराण्याने आपले कागद नीट जपले, म्हणूनच इतिहासकारांना हा इतिहास लिहिता आला. त्या कागदांना वाड्यात जागा मिळण्यात घराण्याचा कमीपणा होईल, असे मला वाटत नाही.

१८१३ मध्ये किल्डोनन खोऱ्यातून खाली आणलेल्या कुळांना हेल्म्सडेलच्या आसपास वेस्ट हेल्म्सडेल, गार्टीमोर, पोर्टगॉवर अशा उतारांवरच्या वस्त्यांत तुकडे मिळाले होते. त्यांचे क्रॉफ्ट दोनशे वर्षे सदरलँड जहागिरीच्या जमिनीवर होते आणि खंड वाड्याकडे जात होता. २०१६ मध्ये या वस्त्यांनी मिळून तिथली सुमारे ३ हजार एकर जमीन जहागिरीकडून विकत घेतली. व्यवहार सामोपचाराने झाला. आता तिथला क्रॉफ्टर आपला खंड आपल्याच गावाच्या संस्थेकडे भरतो आणि त्या पैशाचे काय करायचे ते गावच्या बैठकीत ठरते.